बेळगावकडनं बेंगळूरला नवीन जाताय? बसचा पास आणि मेट्रोचं कार्ड, सगळं एका ठिकाणी

जून-जुलै आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं पोरंपोरी बेंगळूरला निघतात, कोण जॉबला, कोण कॉलेजला, कोण नुसतं ट्रेनिंगला, आणि तिकडं पोचून दोन दिवस झाले की फोन येतोच, "दादा, पास कुठला काढू?" प्रत्येकाला अर्धा तास फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय, ज्याला लागंल त्यानं वाचा आणि पुढच्यालाही पाठवा. पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना ह्याचा उपयोग नाही, तिकडचं सगळं वेगळं असतंय.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो आणि ती मनापासून सांगतो, पोचल्या पोचल्या महिन्याचा पास काढू नका. घरातली मोठी माणसं सांगतात "आधी पास काढून टाक म्हणजे काळजी नाही", त्यांचंही चुकत नाही, कारण आपल्याकडं विद्यार्थी पासवर गाव ते कॉलेज असा मार्गच लिहिलेला असतोय, उचगाव-बेळगाव म्हणजे उचगाव-बेळगाव, त्यात विचार करायचं काही नसतंय. बेंगळूरला तसं नाही. तिथं तुमची रूम पहिल्या पंधरा दिवसात बदलू शकते, ऑफिसचा पत्ता एक आणि ट्रेनिंग दुसरीकडंच असं होतंय, आणि कळतं की रोजचा रस्ता बसचा नाहीच, मेट्रोचा आहे. मग महिन्याचे बाराशे रुपये बसच्या पासात अडकून बसतात. म्हणून आधी आठवडाभर सुटं सुटं फिरा, रस्ता पक्का होऊ दे, मग पासाचं बघा.

उतरायचं कुठं

बेळगावहून रात्रीच्या बसला बसलात की सकाळी तुमकूर रोडनं बेंगळूरात शिरता. बहुतेक जण झोपेत मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहराच्या मधल्या मोठ्या बसस्टँडपर्यंत जातात आणि तिथनं परत उलटं येतात, त्याची गरज नसते. तुमकूर रोडवर वरनं मेट्रोची ग्रीन लाइन जाते, नागसंद्र, दासरहळ्ळी, जालहळ्ळी, पीण्या, गोरगुंटेपाळ्य, यशवंतपूर ही सगळी स्टेशनं त्याच रस्त्यावर आहेत. गाडी ह्यातल्या कुठल्या स्टॉपला थांबते ते ड्रायव्हर नाहीतर कंडक्टरला रात्रीच विचारून ठेवा, सकाळी तिथंच उतरून मेट्रो धरली की शहरातला ट्रॅफिक वाचतो. रेल्वेनं जाणाऱ्यांनी यशवंतपूरला उतरलं तर ग्रीन लाइन आणि शेवटपर्यंत केएसआर बेंगळूरला गेलं तर पर्पल लाइन, दोन्हीकडं मेट्रो स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. केएसआर म्हणजे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, आपल्या बैलहोंगल तालुक्यातल्या संगोळ्ळीचे. तिथं समोरच मॅजेस्टिकचा बसस्टँड.

वेळेचं मात्र लक्षात ठेवा. पर्पल आणि ग्रीन लाइन रोज पहाटे ५ ला सुरू होतात, सोमवारी ४:१५ लाच, गावाकडनं परत येणाऱ्यांसाठीच २०२५ च्या जानेवारीपासून ही सोय केलीय, पण रविवारी सातशिवाय मेट्रो नाही. म्हणजे शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे पोचलात तर बसच धरावी लागणार.

आणि सामान. मेट्रोत बॅग मशीनमधनं जाते, ठरलेल्या मापाहून मोठी असेल तर ३० रुपयांचं वेगळं तिकीट घ्यायला लागतंय. आईनं तांदळाचं पोतं दिलं असेल तर त्याचे छोटे दोन भाग करून दोन बॅगांत घाला, सोपं जातंय.

बस आणि मेट्रो, दोन वेगळे हिशोब

नवीन माणसाचा घोळ इथंच होतो. बेंगळूरची शहर बस चालवते ती बीएमटीसी, मेट्रो चालवते ती बीएमआरसीएल, नम्म मेट्रो म्हणतात तीच. बसचा पास मेट्रोत चालत नाही आणि मेट्रोचं कार्ड म्हणजे बसचा पास नव्हे. शिवाय तुम्ही बेळगावहून ज्या गाडीतनं आलात ती आपल्या भागातल्या सरकारी वायव्य परिवहनची, नाहीतर केएसआरटीसीची, म्हणजे राज्य परिवहनची, ती त्याच रस्त्यावरनं जात असली तरी बीएमटीसीचा पास तिच्यात दाखवून उपयोग नाही. बसवर बीएमटीसी लिहिलंय का बघूनच चढा.

बसचे पास

जानेवारी २०२५ मध्ये बसचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं, त्यानंतरचे दर असे. साध्या बसचा दिवसाचा पास ८० रुपये, आठवड्याचा ३५०, महिन्याचा १२००. एसी बस, जिला वज्र म्हणतात, तिचा दिवसाचा १४० आणि महिन्याचा २००० रुपये. वज्रचा पास साध्या बसमध्ये चालतो, साध्या बसचा पास वज्रमध्ये चालत नाही. एअरपोर्टला जाणारी वायु वज्र आणखी वेगळी, तिच्या नंबरच्या आधी केआयए लिहिलेलं असतंय, नवीन माणसानं तिच्या पासाचा विचारच करू नये, जायचं त्या दिवशी तिकीट काढावं.

पहिल्या आठवड्यात दिवसाच्या पासनं सुरुवात करा. तो बसमध्ये कंडक्टरकडंच मिळतो, चढल्याबरोबर ८० रुपये हातात धरून "ओंदु डे पास कोडि" म्हणायचं, झालं. सुटे पैसे ठेवा, नाहीतर बसमध्ये यूपीआयचा क्यूआर लावलेला असतो त्यावर पाठवा आणि पैसे गेल्याचं कंडक्टरला दाखवा. पासवर काय लिहायचं, सही कुठं करायची ते तो सांगेल तसं तिथल्या तिथं करून टाका, आणि ओळखपत्र खिशात असू दे, चेकिंगवाले पासबरोबर ते मागू शकतात. ज्या दिवशी रूम बघत हिंडायचंय, म्हणजे सकाळी विजयनगर, दुपारी बीटीएम, संध्याकाळी परत मॅजेस्टिक, त्या दिवशी हा पास पैसे वसूल करून देतो. नुसतं जाऊन परत यायचं असेल तर साधं तिकीटच स्वस्त पडतं.

आठवड्याच्या पासाचा हिशोब सरळ आहे, पाच दिवस रोज डे पास काढला तर ४०० होतात, म्हणजे पाचव्या दिवसापासनं ३५० चा पास परवडायला लागतो. ट्रेनिंग दहा-बारा दिवसांचंच असेल तर महिन्याच्या पासापेक्षा हाच बरा.

आता महिन्याचा पास. महिन्यात कामाचे २४ दिवस धरा, १२०० भागिले २४ म्हणजे दिवसाला ५०. तुमचं रोजचं जाण्यायेण्याचं तिकीट ५० पेक्षा जास्त होत असेल तर पास काढा, कमी होत असेल तर काढू नका, एवढंच गणित. एका बाजूला ३० रुपये लागत असतील तर महिन्याला १४४० होतात, पासनं २४० वाचले. एका बाजूला २० लागत असतील तर ९६० च होतात, तिथं पास घेणं म्हणजे २४० जास्तीचे देणं. हां, रविवारी पण भरपूर हिंडणारे असाल, दोन-दोन बस बदलत असाल तर गणित बदलतं, म्हणून आठवडाभर रोजचा बसचा खर्च मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि त्यावरनं ठरवा, अंदाजानं ठरवू नका.

महिन्याचा पास दोन ठिकाणी मिळतो. एक, मोठ्या बसस्टँडवरच्या पास काउंटरला, मॅजेस्टिक, शिवाजीनगर, शांतीनगर, बनशंकरी, यशवंतपूर, विजयनगर अशा ठिकाणी, आधार आणि एखादा फोटो घेऊन जा. महिन्याच्या सुरुवातीला तिथं रांग असते, दुपारच्या वेळी गेलात तर बरं. दुसरं, मोबाइलवर टमॉक नावाच्या अॅपमध्ये, बीएमटीसीचे पास तिथं अधिकृतपणे मिळतात. नाव, फोटो, ओळखपत्राचा नंबर टाकायचा, पासाचा प्रकार निवडायचा आणि पैसे भरायचे. इथं दोन गोष्टी सांभाळा. पैसे भरायच्या आधी पास कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत आहे ते स्क्रीनवर वाचा, आणि फोटो स्वतःचा, चेहरा स्पष्ट दिसेल असा टाका, लग्नातला गॉगलवाला नको. अॅपमधला पास लांबनं नुसता दाखवून भागत नाही, बसमधला क्यूआर त्याच अॅपनं स्कॅन करून मग कंडक्टरला दाखवायचा, स्क्रीनशॉट काढून ठेवला तर तो कोण मानत नाही. म्हणजे बसमध्ये चढताना मोबाइलला चार्जिंग आणि नेट दोन्ही पाहिजे. ज्यांचा मोबाइल दुपारपर्यंत मान टाकतो त्यांनी काउंटरवरचाच पास घ्यावा, हे मी मुद्दाम सांगतोय.

पोरींसाठी, बायकांसाठी

हा भाग सीमाभागातल्या प्रत्येक घरानं नीट वाचावा असं मला वाटतं, कारण इथं आपल्याकडची अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासनं शक्ती योजना आहे, कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट. बीएमटीसीच्या साध्या बसलाही ती लागू आहे. म्हणजे पोरींना बेंगळूरात साध्या बसचा पास काढायची गरजच नाही, कॉलेजच्या पोरींनाही नाही. वज्र आणि वायु वज्रला मात्र पैसे पडतात, मेट्रोला पण पडतात.

पण त्यासाठी सरकारी ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे, कंडक्टर आधारकार्डवर तेवढंच बघतो. आता आपल्याकडं काय असतंय, सून चंदगडची, गडहिंग्लजची, आजऱ्याची, लग्न होऊन बेळगावला येऊन वर्षं झाली तरी आधारवर पत्ता माहेरचाच. नाहीतर पोरगी शिकायला कोल्हापूर-पुण्याला होती, तिथं बँकेचं की सिमकार्डचं काम अडलं म्हणून आधारवर हॉस्टेलचा पत्ता घातला आणि तसाच राहिला. घर बेळगावात, रेशनकार्ड बेळगावात, मतदान बेळगावात, तरी आधारवर महाराष्ट्र दिसला की कंडक्टर तिकीट घ्यायला सांगणार, आणि तो नियमानंच सांगतोय, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. मतदान ओळखपत्रावर बेळगावचा पत्ता असेल तर ते जवळ ठेवा. आणि बेंगळूरला निघायच्या आधी, गावातच असताना आधारचा पत्ता बदलायला टाका, कारण त्याला दिवस लागतात. पत्त्याचा वेगळा पुरावा नसेल तर घरातल्या कर्त्या माणसाच्या आधारवरनं, म्हणजे नवऱ्याच्या नाहीतर वडलांच्या, पत्ता बदलायची सोय आहे. नाहीतर तिकडं गेल्यावर रूमचं भाडेपत्र पुराव्याला चालतं, पण ते रीतसर केलेलं पाहिजे.

आधारचं मूळ कार्ड जवळ ठेवा नाहीतर डिजिलॉकरमध्ये ठेवा, मळकी झेरॉक्स घेऊन जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फुकट आहे म्हणून नुसतं बसायचं नाही, प्रत्येक बसमध्ये कंडक्टरकडनं शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं आणि उतरेपर्यंत हातात ठेवायचं. गर्दीत कंडक्टर तुमच्यापर्यंत पोचला नाही तर आपण हाक मारायची. चेकिंग आलं आणि हातात तिकीट नसलं तर दंड भरावा लागतो, बाई असो नाहीतर बाप्या.

चंदगड, शिनोळी, कागल भागातली पोरं पण आपल्याबरोबर बेंगळूरला असतात, त्यांनी घाबरायचं कारण नाही, पैसे भरून काढायच्या पासाला कर्नाटकाचा पत्ता लागत नाही. पत्त्याची अट फक्त शक्तीला.

कॉलेजच्या पोरांसाठी सवलतीचा विद्यार्थी पास वेगळा आहे. त्याचा अर्ज सेवा सिंधू ह्या सरकारी वेबसाइटवर भरायचा, कॉलेजनं तुमची माहिती बरोबर असल्याचं कळवायचं आणि पास बेंगळूर वन केंद्रावरनं घ्यायचा. एससी-एसटी विद्यार्थ्यांना फी कमी असते, त्यासाठी जातीचा दाखला लागतो, तो बेळगावहून निघतानाच काढून घेऊन जा, तिकडनं परत एका कागदासाठी ५०० किलोमीटर येणं परवडत नाही. अॅडमिशन झाल्या झाल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा, अर्ज मंजूर होऊन पास हातात येईपर्यंत डे पासवर नाहीतर तिकिटावर दिवस काढा.

मेट्रोचं कार्ड

मुंबईतले नातेवाईक लोकलवर वाढलेले, ते फोनवर सांगणार "मेट्रोचा महिन्याचा पास काढ". बेंगळूर मेट्रोला लोकलसारखा महिन्याचा पास नाही. एक, तीन, पाच दिवसांचे पास आहेत, ते शहर बघायला आलेल्यांच्या कामाचे. रोज जाणाऱ्यानं स्मार्ट कार्ड घ्यायचं. कुठल्याही स्टेशनच्या काउंटरला कार्ड मिळतं, कार्डाचे ५० रुपये आणि वर तुम्ही घालाल तेवढा रिचार्ज.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचं भाडं वाढलं, आता अंतराप्रमाणं १० पासनं ९० रुपयांपर्यंत आहे. कार्डवर प्रत्येक फेरीला ५ टक्के सवलत, आणि गर्दी नसलेल्या वेळेत, म्हणजे सकाळी आठच्या आत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री नऊनंतर गेटमधनं आत गेलात तर १० टक्के. रविवारी दिवसभर १० टक्के. शिफ्ट सातची असेल तर ही सवलत रोजच मिळते.

कार्डात कमीत कमी ९० रुपये असले तरच गेट उघडतं, तुमचं भाडं २० रुपये असलं तरी. हे माहीत नसल्यामुळं सकाळी नऊला गेटसमोर नवीन माणूस अडकतो आणि मागं रांग लागते. बॅलन्स दीडशेच्या खाली येऊ देऊ नका. रिचार्ज ऑनलाइन करता येतो, पण ते पैसे कार्डात दिसायला वेळ जातो, म्हणून गेटपाशी उभं राहून करायचं काम नव्हे ते, आदल्या रात्री करा.

गेटवर कार्ड कसं लावायचं ते पण सांगतो, कारण पहिल्यांदा हात थरथरतोच. उजव्या हाताला गोल खूण असते, त्यावर कार्ड सपाट टेकवायचं, ओढायचं नाही, घासायचं नाही, एक क्षण थांबायचं, स्क्रीनवर शिल्लक पैसे दिसतात आणि दारं बाजूला होतात, मग चालायचं. पुढच्याच्या पाठोपाठ घुसू नका. बाहेर पडताना परत टेकवायचं, तिथं भाडं कापलं जातं आणि उरलेली रक्कम दिसते. एका कार्डावर एकच माणूस, भाऊ बरोबर असेल तर त्याचं कार्ड नाहीतर टोकन वेगळं. टोकन म्हणजे नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती, आत जाताना टेकवायची आणि बाहेर पडताना फटीत टाकायची, ती घरी न्यायची नसते. मोबाइलवर क्यूआर तिकीट पण निघतं, आईबाबा भेटायला आले की ते सोयीचं, सगळ्यांची एकदम निघतात.

सध्या तीन लाइन आहेत. पर्पल, चल्लघट्टपासनं व्हाइटफील्ड कडुगोडीपर्यंत. ग्रीन, मादावरपासनं सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली यलो, आरव्ही रोडपासनं बोम्मसंद्रपर्यंत, इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला असणाऱ्यांसाठी हीच. पर्पल-ग्रीन बदलायची मॅजेस्टिकला, ग्रीन-यलो बदलायची आरव्ही रोडला. बदलताना गेटच्या बाहेर पडू नका, आतल्या आतच दुसऱ्या प्लॅटफॉर्मला जायचं, बाहेर पडलात की भाडं दोनदा कापलं जातं.

खर्चाचा अंदाज हवा तर, एका बाजूला ६० रुपये लागत असतील तर कार्डवर ५७, जाऊन येऊन ११४, २४ दिवसांचे २७३६. बसच्या दुप्पटीहून जास्त आहे, पण व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीकडं जाताना वेळ केवढा वाचतो ते पहिल्या पावसात कळतंय. रूम शोधताना म्हणूनच माझं सगळ्यांना सांगणं असतंय, भाडं पाचशे जास्त पडलं तरी मेट्रो स्टेशनपासनं चालत जाता येईल अशी बघा. रूम स्टेशनपासनं लांब असेल तर एमएफ नंबरच्या फीडर, म्हणजे मेट्रो स्टेशनपर्यंत सोडणाऱ्या बस असतात, पण रोज दोन्ही बाजूला १० रुपयांची फीडर लागत असेल तर महिन्याला ४८० च होतात, त्यासाठी १२०० चा पास नको.

बसचा नंबर वाचताना

नंबराच्या पुढचं अक्षर सोडू नका. ५००-डी वेगळी, नुसत्या ५०० वर भागत नाही, अक्षर बदललं की रस्ता बदलतो. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड ५००-डी, मॅजेस्टिक ते कडुगोडी ३३५-ई, अशा आपल्या दोन-तीन गाड्या पाठ करून ठेवा. नम्म बीएमटीसी अॅपमध्ये गाडी कुठं आहे ते दिसतं. पुढच्या सीटा बायकांच्या असतात, पोरांनी मागं जायचं, रिकामी दिसली तरी बसू नका, दंडाचा नियम आहे. आपल्याकडचं कन्नड थोडं वेगळं वाटलं तरी बिनधास्त बोला, आपण बोलायला लागलो की कंडक्टर स्वतःहून उतरायचा स्टॉप सांगतात, हा माझा अनुभव आहे.

हरवलं तर

काउंटरवरचा कागदी पास हरवला तर पैसे गेले असं समजा, म्हणून तो पाकिटात नाही, ओळखपत्राच्या कव्हरात मागच्या बाजूला ठेवा. अॅपमधला पास मोबाइलबरोबर जातो, पण नंबर तोच असेल तर नवीन मोबाइलवर लॉगिन करून पुढचं विचारता येतं. मेट्रोच्या साध्या कार्डात शिल्लक असलेले पैसे कार्ड सापडेल त्याच्या हातात जातात, म्हणून एकदम हजार-दोन हजार भरून ठेवू नका, आठवड्यापुरते तीनशे-चारशे पुरे. आणि पास संपायची तारीख मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, आदल्या दिवशीचा, कारण सकाळच्या गर्दीत चढल्यावर पास काल संपलाय असं कळलं तर त्या दिवसाचं तिकीट काढावंच लागतंय.